बहुगुणित वनस्पतींत गुणसूत्रांच्या जोड्या नेमक्या जुळतात कशा?

प्रश्न (एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, दादर)

अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे युग्मके (लैंगिक पेशी) बनवणाऱ्या विभाजनात, समजात (एकाच प्रकारची, जोडीची) गुणसूत्रे एकत्र येतात, हे द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या, वनस्पतीच्या बाबतीत समजते; बहुगुणित वनस्पतीत मात्र दोनहून अधिक संच असतात. आपल्या चपातीच्या गव्हात 42 गुणसूत्रे असून ती ए, बी आणि डी अशा तीन पूर्वजसंचांतून आलेली आहेत. म्हणजे पहिल्या क्रमांकाची, परस्परांशी बरेच साम्य असलेली सहा गुणसूत्रे एकाच पेशीत नांदत असतात. मग 1ए (ए संचातील पहिले गुणसूत्र) आपल्या जोडीदार 1ए लाच कसे गाठते, 1बी कडे का जात नाही? बहुतेक केळ्यांत प्रत्येक गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, तेथे तिसऱ्याचे काय होते? आणखी एक शंका प्रात्यक्षिकातील आहे. कॉलेजच्या कुंडीतील ऱ्हिओ या शोभेच्या झाडाची कोवळी कळी फोडून परागकोश ॲसिटोकार्मिन या रंगात दाबून पसरवला (स्क्वॅश केला) असता काही पेशींत सर्व बारा गुणसूत्रांचे एकच कडे दिसले. हे बहुगुणिततेचे लक्षण मानावे का?

उत्तर 1 (निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले)

शेवटच्या शंकेपासून आरंभ करतो, कारण ती लवकर निकालात निघते. ऱ्हिओ द्विगुणितच आहे. तिच्या गुणसूत्रांच्या टोकांची पूर्वी आपापसांत अदलाबदल झालेली असल्यामुळे प्रत्येक गुणसूत्राचे एक टोक एकाशी आणि दुसरे टोक भलत्याच गुणसूत्राशी जुळते, आणि त्यातून बारांचे कडे किंवा साखळी तयार होते. कडे दिसले की बहुगुणित, असा निष्कर्ष प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये लिहू नये.

आता गव्हाविषयी. 1958 साली रायली व चॅपमन यांनी इंग्लंडमध्ये आणि सिअर्स व ओकामोटो यांनी अमेरिकेत, स्वतंत्रपणे, असे दाखवले की 5बी हे गुणसूत्र नसलेल्या गव्हात निरनिराळ्या संचांतील गुणसूत्रेही एकमेकांशी जुळू लागतात. त्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील या नियंत्रक स्थानाला पीएच 1 म्हणतात. त्याचा परिणाम मुख्यतः झिप 4 या जनुकाच्या तेथे असलेल्या जादा प्रतीमुळे होतो, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. ही प्रत समजात गुणसूत्रांना वेळेवर चिकटण्यास साहाय्य करते आणि संचाबाहेरील गुणसूत्रांशी पारगती (तुकड्यांची अदलाबदल) होऊ देत नाही. म्हणूनच षड्गुणित (सहा संचांचा) असूनही गव्हात शिस्तीने 21 जोड्याच दिसतात. माझ्या मते येथे ‘ओळख’ हा शब्द थोडा फसवा आहे: सुरुवातीला चुकीचे संबंध काही प्रमाणात जुळतातच, त्यांचे पारगतीत रूपांतर होऊ न देणे, हे खरे काम आहे. पीएच 1 निकामी असलेले वाण गहूसंशोधक मुद्दाम वापरतात, कारण रानटी नातलगांतील रोगप्रतिकारक जनुके गव्हात आणायची तर हाच पहारा उठवावा लागतो.

उत्तर 2 (फळबाग संशोधनात काम करणारा, बोरिवली)

केळ्याविषयी लिहितो. कोणत्याही एका ठिकाणी दोनच गुणसूत्रे घट्ट चिकटू शकतात. मात्र तिन्ही समजात असतील, तर वाटेत जोडीदार बदलून तिन्ही एकमेकांत गुंतू शकतात. एकट्या पडलेल्या गुणसूत्राला पेशीच्या कोणत्या ध्रुवाकडे (टोकाकडे) जायचे, याचा नियम नसतो. मूळ संख्या 11 असल्यामुळे प्रत्येक तिकडीची दोन-एक अशी वाटणी आपापली स्वतंत्रपणे झाली असे धरले, तर एका ध्रुवाकडे अकरा आणि दुसऱ्याकडे बावीस असा नेमका निकाल लागण्याची शक्यता 1024 मध्ये एक इतकीच उरते. बाकीचे युग्मक बहुतेक निकामी ठरतात.

परंतु बी नसण्याचे सारे श्रेय त्रिगुणिततेला देणे बरोबर नाही. आपल्या बाजारात मिळणारी सफेद वेलची केळी एबी (दोन जातींचा प्रत्येकी एक संच), म्हणजे द्विगुणित आहे, तरीही तिच्यात बी नसते. परागीभवनाशिवाय गर वाढण्याचा गुण आणि दोन जातींच्या संकरातून आलेले वांझपण, दोन्ही तेथे असतात.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. मग ज्या चतुर्गुणित वनस्पतीत चारही गुणसूत्रे एकाच जातीची आहेत, तेथे पीएच 1 सारख्या पहाऱ्याचा काय उपयोग? परके तर कोणीच नाही.

उत्तर 3 (निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले)

उपयोग नाही, आणि म्हणूनच तेथे वाट वेगळी आहे. चारांपैकी एका गुणसूत्रावर दोन-तीन ठिकाणी पारगती झाली, तर ते दोन-तीन जोडीदारांशी बांधले जाते आणि वाटणीच्या वेळी तीन-एक असा घोळ होऊ शकतो. पारगती एकाच ठिकाणी झाली, तर बांधिलकीही एकाशीच राहते व जोड्याच बनतात. ॲराबिडॉप्सिस ॲरेनोसा या रानटी वनस्पतीच्या चतुर्गुणित गटांत पारगती कमी झालेली आढळते, आणि गुणसूत्राच्या अक्षावरील प्रथिनांच्या जनुकांवर, उदाहरणार्थ एएसवाय 1 वर, निवडीच्या खुणा आहेत. जोडीदार मात्र चारांपैकी कोणीही असू शकतो, त्यामुळे संततीतील प्रमाणे मेंडेलच्या 3:1 पेक्षा वेगळी येतात. बटाटा 48 गुणसूत्रांचा असाच चतुर्गुणित आहे. त्याच्यात चौकड्या (चार गुणसूत्रे एकत्र गुंतलेली) दिसतात, पण लागवड कंदांपासून होत असल्याने शेतकऱ्याचे त्यामुळे अडत नाही. अडते ते नवे वाण काढणाऱ्याचे.