मासेमारी बंदीत जुनं ओबीएम (होडीच्या मागे लावायचं इंजिन) घरात उघडायचंय, गॅलरीत ठेवलं तर चालेल का?

वेसाव्याचा_होडीवाला
दारूखान्यातून जुनं ८ एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम उचललंय. दोरी ओढताना कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) बरं लागतं, पण चालू केल्यावर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर येत नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेवढ्यात काम उरकायचंय. घर पहिल्या मजल्यावर. आई म्हणते, पेट्रोलचा वास आला तर मशीनबरोबर तूही खाली. सुरुवात कुठून करू?

मढचा_मिस्त्री
आईचं ऐक. पेट्रोल आणि टाकी घरात नाहीच, गॅलरीतही नाही.

धार नाही म्हणजे आधी इम्पेलर बघ, पाणी वर ढकलणारं पंपातलं रबरी चाक. खालचा गिअरबॉक्स उतरवलास की पाण्याचा पंप दिसेल. रबराच्या पाकळ्या कडक होऊन एका बाजूला वाकलेल्या असतील, एखादी तुटलेलीही. तुटलेला तुकडा वर नळीत जाऊन बसतो, तो सापडल्याशिवाय नवा इम्पेलर घालू नकोस. बसवताना शाफ्ट घड्याळाच्या काट्यासारखा फिरवत पंपाचं झाकण खाली दाब, पाकळ्या आपोआप बरोबर वळतात.

बोल्टशी मात्र कुस्ती नको. खाऱ्या पाण्यात स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला असा धरतो, की डोकंच तुटून पान्यात येतं. तेल मारून रात्रभर सोड, मग थोडा मागे थोडा पुढे असं करत काढ.

गिअर ऑईल दुधट निघालं तर सील गेलं समज. नवं ऑईल खालच्या भोकातून भर, वरच्या भोकातून बाहेर येईस्तोवर. लोक वरून ओततात आणि आत हवा कोंडते.

दांड्याची_पोर
आमच्याकडे बाबा दर बंदीत हेच करतात, म्हणून ठेवण्याचं सांगते. पंप झाला की पंखा (होडी ढकलणारा प्रोपेलर) काढून मशीन पिंपात लावा. गोडं पाणी पंख्यावरची प्लेट बुडेल एवढं. हे खाली मोकळ्यावरच, धूर घरात नको. थोडं चालवून पेट्रोलची नळी काढायची. कार्ब्युरेटर रिकामा झाला की मशीन स्वतःच बंद पडतं. मग प्लगच्या भोकातून थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑईल सोडून दोरी हळू ओढायची.

ठेवायचं उभंच, लाकडी घोड्यावर (स्टँडवर). आडवं करावंच लागलं तर मशीनचं डोकं, म्हणजे वरचा इंजिनाचा भाग, गिअरबॉक्सच्या खाली जाऊ देऊ नका, उरलेलं पाणी सिलिंडरात शिरतं. आणि प्लास्टिक गुंडाळू नका हो, पावसाळ्यात आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी.

वेसाव्याचा_होडीवाला
घोडा उद्याच ठोकतो. मशीन घासून रंगवतोय, तर खाली लावलेल्या जस्ताच्या तुकड्यालाही रंगाचा एक हात मारू?

मढचा_मिस्त्री
अजिबात नको! जस्त उघडं राहिलं तरच ते स्वतः झिजून ॲल्युमिनियम वाचवतं. अर्धं खाल्लेलं असेल तर नवं लाव.