मदत हवी आहे: तोंड आलेली मांजर अन्नाजवळ जाते आणि मागे फिरते (नाशिक)

नमस्कार.

मी नाशिकला पंचवटीत राहते. आमच्या गल्लीत, काळाराम मंदिरापासून थोड्याच अंतरावर, एक जुना वाडा आहे. तिथले शेवटचे भाडेकरू दिवाळीनंतर खोली सोडून गेले आणि त्यांनी पाळलेली मांजर मागेच राहिली. सुरुवातीला ती वाड्याच्या ओट्यावर बसलेली दिसायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत घोटाळायची. कोणीतरी तिला खायला घालत असेल, अशी गल्लीतल्या आम्ही सगळ्यांनीच समजूत करून घेतली होती. त्या समजुतीचे मला आज फार वाईट वाटते.

भोगीच्या दिवशी सकाळी वाड्याच्या जिन्याखालून घरघर ऐकू आली म्हणून वाकून पाहिले, तर ती कोळशाच्या रिकाम्या पोत्यावर अंग चोरून बसली होती. एक डोळा पुवाने पूर्ण चिकटलेला, नाक खपल्यांनी बुजलेले, आणि तोंडातून सतत गळणाऱ्या लाळेमुळे हनुवटीखालचे केस वाळून ताठ झालेले होते. पाठीवरून हात फिरवला तेव्हा मणका न् मणका बोटांना लागला. पंचा टाकून उचलले तेव्हा तिने एकदाच नख्या मारल्या आणि मग मान टाकून दिली. (हाताला ओरखडा आला. तो साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतला आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू केली. त्याची काळजी नसावी.)

कॉलेज रोडच्या एका पशुवैद्यांकडे तिला नेले. वजन २ किलो १०० ग्रॅम भरले. तिच्या हाडापेराच्या मांजरीचे वजन साडेतीन किलोच्या आसपास हवे, असे ते म्हणाले. ताप १०३.८ फॅरनहाइट होता; मांजराचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ असते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहत होती, म्हणजे अंगातले पाणी कमी झाले होते, म्हणून कातडीखाली सलाईन दिले. त्यांनी तोंड उघडून मला दाखवले, तेव्हा जिभेच्या कडेला लालभडक, सालपट निघाल्यासारखे दोन व्रण होते आणि टाळूवर आणखी एक. निदान मांजरांच्या फ्लूचे झाले. या फ्लूमागे बहुधा दोन विषाणू असतात, हर्पिस आणि कॅलिसी. तोंडातले असे व्रण बहुतेक वेळा कॅलिसीमुळे होतात, असे डॉक्टरांनी सांगितले. कानांत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ आहे, म्हणजे गोचिडीच्या जातीचे बारीक किडे आहेत; पण त्यावरचे औषध अंगात थोडी शक्ती आल्यावरच द्यायचे ठरले. रक्ततपासणीत मूत्रपिंड ठीक निघाले आणि मांजरांच्या ल्युकेमियाची व एड्सची चाचणीही नकारात्मक आली, हा मोठाच दिलासा होता.

आज पाचवा दिवस आहे. ताप उतरला आहे, डोळा उघडतो आहे. डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकाच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब आणि वेदनाशामक औषध चालू आहे. अडगळीच्या खोलीत द्राक्षाच्या पेटीचा एक रिकामा खोका आडवा ठेवून तिला आडोसा करून दिला आहे. थंडी कडाक्याची आहे, म्हणून सासूबाई रोज रात्री गरम पाण्याची बाटली आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या कुशीजवळ ठेवतात.

अडचण खाण्याची आहे. भूक नाही असे नाही. बशी ठेवली की ती उठून येते, वास घ्यायचा प्रयत्न करते, एकदा जीभ लावते आणि लगेच कळवळून ओरडते, पुढच्या पंजाने तोंड झटकते आणि खोक्यात परत जाते. थोड्या वेळाने पुन्हा येते आणि पुन्हा तेच होते. हे दिवसातून दहा वेळा पाहणे मला फार जड जाते आहे. सिरिंजने मी दिवसभरात जेमतेम ३०-४० मिलिलिटर पातळ अन्न पोटात घालू शकते, त्यातलेही निम्मे बाहेर येते. मांजर दोन-तीन दिवसांहून अधिक उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ शकते, हे डॉक्टरांनी बजावले आहे आणि ती भीती सतत मनात आहे.

माझ्या हातून झालेल्या चुकाही सांगते. पहिल्याच दिवशी, डॉक्टरांकडे नेण्यापूर्वी, मी तिला दूध-पाव कुस्करून दिला. तोंड मऊ अन्नाला लावेल असे वाटले होते. तिने जे दोन घोट घेतले त्यानेही तिला जुलाब झाले. त्याहून गंभीर म्हणजे, ताप आहे हे ऐकून एका औषधाच्या दुकानात मला लहान मुलांचे पॅरासिटामॉलचे थेंब दिले गेले आणि मी ते घेऊन घरी आले. ते तिला देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून विचारले म्हणून अनर्थ टळला. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच त्याने नष्ट होते आणि एखादी गोळीही जीव घेऊ शकते. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी कृपया हे लक्षात ठेवावे.

आमच्या घरात सामिष शिजत नाही. सध्या पाकिटातले ओले खाद्य आणते आणि गच्चीवर वेगळ्या शेगडीवर कोंबडीचे पाणी काढते, मीठ, कांदा, लसूण न घालता. सासूबाईंनी स्वतःहून ‘तिचा जीव आधी’ म्हणून परवानगी दिली. पुढे ती बरी झाल्यावर दूधभातावर राहू शकेल का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

आणि शेवटचा, मला सर्वांत जास्त सतावणारा प्रश्न. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी मार्चमध्ये, सातव्या महिन्यात, माहेरी येणार आहे. नातेवाइकांपैकी दोघांनी फोन करून सांगितले की गरोदर बाईच्या घरात मांजर नको, आधी तिला गंगेपलीकडे, म्हणजे गोदावरीपलीकडे, सोडून या. एकदा टाकून दिलेल्या जिवाला मी दुसऱ्यांदा टाकून देऊ शकत नाही. पण मुलीच्या पोटातल्या बाळाला खरोखरच धोका असेल, तर मला वेळेत दुसरे घर शोधावे लागेल. अनुभवी लोकांनी कृपया स्पष्ट सांगावे.

भाडेकरूंवर १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करावी असेही एकाने सुचवले. पाळलेला प्राणी टाकून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे हे खरे, पण आत्ता माझी सगळी शक्ती या मांजरीसाठी लागते आहे, म्हणून त्या विषयावर येथे चर्चा नको, ही विनंती.

प्रतिसाद

ताई, नाशिकरोडला गेली काही वर्षे मी अशी मांजरे सांभाळतो आहे. तुमच्या वर्णनावरून दोन अडथळे दिसतात आणि दोन्हींवर वेगवेगळे काम करावे लागेल. पहिला अडथळा नाकाचा. वास आला नाही तर मांजर खात नाही. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून वाफ कोंडा, तिला मांडीवर घेऊन दहा मिनिटे बसा, मग कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने खपल्या मऊ करून पुसून घ्या आणि त्यानंतर लगेच जेवण द्या. अन्न अंगाइतके कोमट असू द्या, फ्रिजमधले थंड मुळीच नको.

दुसरा अडथळा वेदनेचा. सध्याचे वेदनाशामक पुरत नाही असे पशुवैद्यांना सांगा. अधिक परिणामकारक औषधे आहेत, पण ती त्यांनीच ठरवायची. आणि मला हे सांगा: डॉक्सिसायक्लीनची गोळी दिल्यावर तुम्ही पाणी पाजता का? ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते. प्रत्येक गोळीमागे सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी द्या किंवा पातळ औषध बनवून मागा.

खाद्य मिक्सरमधून इतके बारीक करा की गाठ राहणार नाही. सिरिंज समोरून नको, ओठाच्या कोपऱ्यातून, गालाच्या आत, अर्धा-अर्धा मिलिलिटर, आणि तिने गिळल्यावरच पुढचा घास. तिच्या वजनाला दिवसाला साधारण १२० कॅलरी लागतात. मात्र इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पूर्ण आहार देऊ नका, रक्तातले क्षार बिघडतात. पाव भागापासून सुरुवात करून चार-पाच दिवसांत पूर्णावर या. किराण्याच्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. वजन आणखी दोन दिवस उतरतच राहिले तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवण्याविषयी डॉक्टरांशी बोला. ऐकायला भयंकर वाटते, पण त्याने मांजरीचा त्रास खूप कमी होतो.

दूधभाताचे उत्तर नाही असेच आहे. मांजराला टॉरीन हा घटक मांसातूनच मिळतो. तो मिळाला नाही तर दृष्टी जाते आणि हृदय कमजोर होते. घरात शिजवायचे नसेल तर तयार खाद्य चालेल.

एक खबरदारी: कॅलिसी विषाणू माणसाला होत नाही, पण इतर मांजरांना तुमच्या हाताकपड्यांवरून जातो आणि तो सॅनिटायझरला सहजासहजी दाद देत नाही. तिला हात लावल्यावर साबणानेच हात धुवा आणि गल्लीतल्या दुसऱ्या मांजरांना त्याच कपड्यांनी खायला घालू नका.

प्रतिसाद

मी स्वतः दोन्ही बाळंतपणांत मांजर घरात ठेवली होती, म्हणून मुलीच्या प्रश्नापुरते लिहिते. भीती टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची असते. मांजर आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या संपर्कात आले की बहुधा एक ते तीन आठवडेच विष्ठेतून त्याची अंडी बाहेर टाकते, आणि ती अंडी बाहेर पडल्यावर किमान एक दिवस गेल्याशिवाय संसर्ग करू शकत नाहीत. म्हणून विष्ठेची माती रोज, तुम्ही स्वतः, हातमोजे घालून काढा. मुलीने त्या कामाला हात लावू नये. मांजरीला कच्चे मांस घालू नका आणि बाहेर सोडू नका. बहुतेकांना हा संसर्ग अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती यांतून होतो. मुलीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मांजर आहे हे सांगून रक्ताची तपासणी करून घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. गोळीमागे मी पाणी पाजत नव्हते. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी बंद करून पातळ औषध दिले आणि वेदनेसाठी वेगळे औषध सुरू केले. पहिल्या दिवशी वाफेला ती घाबरली, दुसऱ्या दिवशी मात्र मांडीवर डोळे मिटून बसली. सकाळ-संध्याकाळ वाफ, मग कोमट खाद्य, असा नेम लागला आहे.

वजन दोन दिवस २ किलो ५० ग्रॅमवर अडले होते आणि नळीची तयारी मी मनाने केली होती. तिसऱ्या दिवशी तिने बशीतले चार चमचे आपण होऊन खाल्ले, न ओरडता. आज काटा २ किलो १८० दाखवतो आहे. मुलीचे तिच्या डॉक्टरांशी बोलणे झाले आहे. तपासणी पुढच्या आठवड्यात आहे आणि मातीचे काम माझ्याकडे ठेवायच्या अटीवर त्यांची हरकत नाही. कानातल्या किड्यांसाठी मानेवर सोडायचे औषध उद्या मिळेल. लस आणि नसबंदीची शस्त्रक्रिया पूर्ण बरे वाटल्यावर, असे ठरले आहे.

काल रात्री बाटली ठेवायला सासूबाई खोलीत गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. ती खोक्याच्या तोंडाशी बसून पंजा चाटत होती आणि त्या ओल्या पंजाने हनुवटीखालचे ते ताठ झालेले केस एकेक करून सोडवत होती.