पक्षिनिरीक्षण गटातील सभासद प्रत्यक्ष भेटीला यावेत, यासाठी काय करावे?

प्रश्न: पुण्यातील आमच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोनशेहून अधिक सभासद आहेत आणि छायाचित्रांवर रोज उत्साहाने चर्चा होते, मात्र रविवारी सकाळी पाषाण तलावावर जमायचे ठरले, की जेमतेम सहा-सात जण येतात. आदल्या रात्री ‘नक्की येतो’ म्हणणारेही येत नाहीत, याचे मनापासून वाईट वाटते.

उत्तर १: न येणाऱ्यांपैकी काहींशी फोनवर बोलून पाहावे. आमच्या गटात असे आढळले, की नवख्यांना आळसापेक्षा संकोच अधिक असतो: स्वतःची दुर्बीण नाही, पक्ष्यांची नावे येत नाहीत आणि जाणकारांसमोर चूक होईल, अशी भीती वाटते. आम्ही ८ × ४२ च्या (आठपट मोठे दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दोन जादा दुर्बिणी ठेवल्या आणि प्रत्येक नवख्यासोबत एक अनुभवी सभासद दिला, तेव्हापासून एकदा आलेली माणसे पुन्हा येऊ लागली.

उत्तर २: दिवस दरवेळी मतदानाने ठरवू नये, महिन्यातील दुसरा रविवार कायमचा ठेवावा. हिवाळ्यात पुण्याजवळ नदीकाठच्या कवडीपाटला चक्रवाक ही स्थलांतरित बदके येतात, त्यामुळे सुरुवात तिथून करावी. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिल्या भेटीसाठी तेच निमित्त मला सर्वांत योग्य वाटते.

उत्तर ३: पहाटेच्या प्रवासाची सोयही पाहावी. वाहन नसलेल्यांना कोण सोबत घेईल, हे शनिवारीच ठरवावे.