मदत हवी आहे: निकॉनला लेन्स घेऊ की सगळं विकून खिशातला कॅमेरा?

बेती_ते_पणजी
निकॉन आहे, सोबत आलेली लेन्स आहे. संध्याकाळनंतर घरात काढलेले फोटो चांगले येत नाहीत. बाजारात, फेरीबोटीत एवढा मोठा कॅमेरा काढला की सगळे बघतात. मामाकडे जुनी ५० मिमी होती, ती लावून बघितली तर फोकसच होत नाही, वर एरर. बिघडली असणार. आता लेन्स घेऊ की छोटा कॅमेरा? चवथीच्या आधी ठरवायचंय. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरवाला) सुचवू नका प्लीज.

एफ_आठ
कोणतं मॉडेल? सोबत आलेली म्हणजे १८-५५ की १८-१४०? एररमध्ये अक्षरं कोणती? बजेट? आणि "चांगले येत नाहीत" म्हणजे हललेले, दाणेदार की पिवळे? तिन्हींवर औषध वेगळं आहे.

काजूबोंडू
फोन वापरा. आजकालच्या फोनचा नाइट मोड बघितलाय का? कॅमेऱ्यावर पैसे घालवायची गरजच नाही.

म्हापशेकार
डोळे मिटून फुजी एक्स१००-६ घ्या. २३ मिमी एफ/२, ४० मेगापिक्सेल, बॉडीतच स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी सांभाळून घेतो. रंग असे की एडिटिंग करावं लागत नाही. आपल्याकडच्या पावसातही चालतो.

एफ_आठ
@म्हापशेकार, पावसात तो नुसता चालत नाही. पुढे अ‍ॅडॅप्टर रिंग आणि ४९ मिमीचा प्रोटेक्शन फिल्टर लावला तरच पुढची बाजू बंद होते, आणि ते दोन्ही वेगळे विकत घ्यावे लागतात. आणि बजेट कळायच्या आधीच एवढा महागडा कॅमेरा?

बेती_ते_पणजी
डी५३००, १८-५५. एरर "एफईई". बजेट पन्नास हजार, त्याच्या वर नाही. फोटो हललेले पण, दाणेदार पण, पिवळे पण. फोन आहेच हो, म्हणून तर कॅमेऱ्याचं विचारतोय.

एफ_आठ
मग मामांची लेन्स ठणठणीत असण्याची शक्यता जास्त. ती ५० मिमी एफ/१.८ डी असणार, मागच्या बाजूला आकडे लिहिलेली रिंग असलेली. ती रिंग २२ वर (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान) फिरवा आणि शेजारचं छोटं लॉक सरकवा, एफईई जाईल. रिंग सगळ्यात लहान छिद्रावर नसली की कॅमेरा छिद्राचा ताबा घेऊ शकत नाही, एवढाच त्या एररचा अर्थ.

ऑटोफोकस मात्र होणारच नाही. अशा एएफ डी लेन्समध्ये मोटर नसते, फोकस बॉडीतल्या मोटरवर चालतो, आणि डी३xxx, डी५xxx बॉड्यांत निकॉनने ती मोटर दिलेली नाही. डी७xxx वर हीच लेन्स धावते. तुमच्याकडे रिंग हाताने फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरच्या तळाशी डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की दाबायचं. बसलेल्या माणसाला जमतं, धावणाऱ्या पोराला नाही.

त्यातून ५० मिमी तुमच्या लहान सेन्सरवर फुल फ्रेमच्या ७५ सारखी दिसते. कॅमेरा उभा धरून पूर्ण माणूस मावायला साधारण सव्वाचार मीटर मागे जावं लागतं. घरातल्या खोलीत तेवढ्यात पाठ भिंतीला लागते. ३५ मिमीला तीन मीटर पुरतात.

म्हणून घ्यायची ती ३५ मिमी एफ/१.८ जी, डीएक्सवाली, म्हणजे तुमच्या मापाच्या सेन्सरची. मोटर आत आहे, वजन २०० ग्रॅम. नाव नीट वाचून घ्या. त्याच आकड्यांची एफएक्सवाली (फुल फ्रेमची) पण येते, ती महाग आणि जड, तुम्हाला तिचा फायदा काही नाही. किट लेन्स (सोबत आलेली १८-५५) ३५ वर एफ/४.५ च्या आसपास उघडते. एफ/१.८ म्हणजे सहापट उजेड. जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) ६४०० लागत होता तिथे १००० मध्ये काम होतं. दाणे आणि हलणं, दोन्ही एकाच खर्चात गेले.

केपेंकार
चोडणला सलीम अली अभयारण्यात जाणार असाल तर ७०-३०० एएफ-पी डीएक्स घ्या, व्हीआरवाली (लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असलेली). डी५३०० ला आधी फर्मवेअर अपडेट करावं लागतं. लेन्सवर व्हीआरचं बटण नसतं. ओहोटीला खारफुटीच्या कडेने खंड्या, बगळे छान मिळतात. शटर १/१००० च्या खाली नेऊ नका.

बेती_ते_पणजी
पक्ष्यांचं कोणी विचारलंय?

मडगांवकार_७९
कॅननची २४ मिमी एफ/२.८ पॅनकेक घ्या. १२५ ग्रॅम. बिस्किटाएवढी. विषय संपला.

एफ_आठ
कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही. वरचं वाचा.

दर्यादेग
बाजारात सगळे बघतात, ह्या त्यांच्या दुसऱ्या अडचणीवर कोणी बोलतच नाही. ३५ लावली तरी बॉडी अर्ध्या किलोचीच राहणार आणि आरसा खाडकन वाजणार. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चणेवाली मान वर करणारच. एक इंची सेन्सरचा सेकंडहॅंड बघा. सोनी आरएक्स१००-३: २४-७० मिमी, एफ/१.८ ते २.८, वर उघडणारा छोटा व्ह्यूफाइंडर, शर्टाच्या खिशात मावतो. लीफ शटर (लेन्समधलं पात्यांचं शटर) असल्यामुळे आवाज जवळजवळ नाही. २०१४ चा आहे, पण रोजच्या फोटोंना भरपूर.

एफ_आठ
आवाज आणि आकाराचं मान्य. अंधाराचं नाही. एक इंची म्हणजे १३.२ × ८.८ मिमी, डी५३०० चा २३.५ × १५.६. क्षेत्रफळ तिसरा हिस्सा. त्यामुळे दाण्यांच्या बाबतीत त्याचा एफ/१.८ म्हणजे इकडचा एफ/३.२, आणि झूम केल्यावरचा २.८ म्हणजे इकडचा ५. किट लेन्सपेक्षा थोडा बरा, ३५ एफ/१.८ च्या जवळपासही नाही. त्यांची पहिली तक्रार घरातल्या संध्याकाळची आहे.

दर्यादेग
मग रिको जीआर-३. एपीएस-सी सेन्सर (डी५३०० एवढाच), २८ मिमीचा नजारा, २५७ ग्रॅम.

एफ_आठ
बजेटाच्या बाहेर. शिवाय धूळ-पाण्यापासून सीलिंग नाही. लेन्सची नळी आतबाहेर होते, तिच्यासोबत धूळ आत जाते, आणि लेन्स निघत नसल्यामुळे सेन्सर पुसायला कॅमेरा उघडावा लागतो. किनाऱ्याच्या वाळूत हे सोसायचं असेल तर घ्या.

दर्यादेग
वाळूत त्यांचा डी५३०० तरी कुठे सील केलाय? लेन्स बदलताना आरशाची अख्खी खोली उघडी पडते. @बेती_ते_पणजी, कोणताही जुना कॉम्पॅक्ट बघायला गेलात तर लागोपाठ दहाबारा वेळा चालू-बंद करा. नळी अडखळली किंवा करकरली की परत द्या, वाळू गेलेली असते. मग एफ/११ वर कोऱ्या आकाशाचे दोनतीन फोटो काढून मोठे करून बघा. राखाडी डाग जागचे हलले नाहीत तर ती सेन्सरवरची धूळ.

घुमटवाला
चवथीचं म्हणताय म्हणून सांगतो, माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळांची चौकट) आणि आरती यांना एकच सेटिंग चालत नाही.

माटोळी हलत नाही, तिला ३५ नको. खोलीत ती पूर्ण मावायला १८ मिमीच लागते. किट लेन्स लावा, व्हीआर चालू, एफ/५.६, शटर १/१० पर्यंत चालतं, आयएसओ ८०० च्या आत. फक्त पंखा बंद करा. वाऱ्याने कवंडाळं (माटोळीला टांगलेली रानफळं) डोलत असली तर व्हीआर काही करू शकत नाही, तो फक्त तुमच्या हाताचं हलणं सांभाळतो.

आरतीला ३५. एफ/२ किंवा २.२. एफ/१.८ वर दोन मीटरवरच्या माणसाला फोकसची खोली वीत-सव्वावीत मिळते. मागे झांज वाजवणारा धूसर होणार. शटर १/१०० वर बांधून ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडीच्या माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५० किंवा १/५०० केलंत की फोटोत आडवे काळे पट्टे, नाहीतर दर फोटोचा रंग वेगळा. १/१०० ला घुमटावरची (आपल्या मातीच्या तालवाद्यावरची) बोटं जरा पुसट येतात. येऊ देत.

पिवळेपणासाठी रॉमध्ये (रंग नंतर बदलता येतात अशी कच्ची फाइल) काढा, नाहीतर व्हाइट बॅलन्स हाताने लावा. समईजवळचा चेहरा पांढराफटक करायच्या भानगडीत पडू नका, वाईट दिसतो.

जुनी_रीळ
मामाची लेन्स किती वर्षं कपाटात होती? आधी बुरशी बघा. कॅमेऱ्यातून काढून रिंग १.८ वर फिरवा म्हणजे पाती उघडतील, मग मागून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती नव्या लेन्सशेजारी अजिबात ठेवू नका, लागण होते.

एफ_आठ
लागण वगैरे काही नाही. बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, दमटपणा मिळाला की उगवतात. वेगळी ठेवून उपयोग काय, दोन्ही कोरड्या ठेवा.

जुनी_रीळ
वेगळी ठेवायला खर्च काय येतो? कोटिंग खाल्लं गेलं की साफ करूनही डाग राहतो. मी वेगळीच ठेवा म्हणणार.

घुमटवाला
तुमचं दोघांचं चालू दे. पात्रांव, ड्राय कॅबिनेटला पैसे नसतील तर रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात छोटा हायग्रोमीटर आणि रंग बदलणारी सिलिका जेल. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि ग्रीस सुकतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास. तांदूळ नको, भुकटी उडते आणि पाणी फारसं शोषत नाही. जाड कापडी बॅगेत पावसाळाभर ठेवणं सगळ्यात वाईट. आणि एसी गाडीतून उतरल्यावर बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर दव.

काजूबोंडू
हे सगळं वाचून फोनच बरा म्हणावंसं वाटतं की नाही?

बेती_ते_पणजी
रिंग २२ वर केली, एरर गेली. हिरवा ठिपका पण दिसला. धागे नाहीत, धूळ आहे. ३५ डीएक्स बघतो. बाजाराचा प्रश्न तसाच राहिला पण. फेरीत खारा वारा असतो, तर यूव्ही फिल्टर घेऊ का? एकच घेतला तर सगळ्या लेन्सना चालेल?

म्हापशेकार
यूव्ही फिल्टर म्हणजे पैसे पाण्यात. डिजिटलला गरज नसते.

दर्यादेग
यूव्हीसाठी नाही हो, मिठासाठी. मिठाचे कण कोरडे पुसले की चरे पडतात, ते फिल्टरवर पडलेले परवडले. आधी ब्लोअर, मग साध्या पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड. रात्री दिव्यांसमोर मात्र फिल्टर काढा, नाहीतर दिव्याचं हिरवट भूत उलट्या बाजूला उमटतं. बाजाराचं म्हणाल तर पट्टा गळ्यात नको, मनगटाला बांधा आणि क्वाएट शटर मोड लावा, थोडा फरक पडतो.

एफ_आठ
फिल्टरचं माप ३५ डीएक्स आणि ५० डी दोन्हींचं ५२ मिमी. १८-५५ च्या जुन्या व्हीआरवाल्या ५२ च्या, एएफ-पीवाली ५५ ची. लेन्सच्या पुढच्या कडेला तिरकी रेघ मारलेला गोल असतो, त्याच्या शेजारचा आकडा वाचा आणि मग घ्या.