माग सुरू केला की मॉनिटर काळा होतो, आणि राणी रंग लाल दिसतो

काठपदर, वडगाव (बेळगाव)

नमस्कार मंडळी. मॉनिटरनं महिनाभर डोकं उठवलंय, कुणाला कळत असेल तर सांगा की.

आमच्या घरात पुढच्या खोलीत तीन यंत्रमाग, मागच्या खोलीत कॉम्प्युटर. साडीच्या काठाची, पदराची नक्षी मी त्यावर चौकटी चौकटीनं भरतो. मॉनिटर १९ इंची, आठ वर्षांचा. केबल ती जुनी, निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली.

तक्रार एक. पुढं कुणी माग सुरू केला की इकडं पडदा काळा होतो. दोन सेकंदांत परत येतो, पण दिवसातनं वीसेक वेळा. मंगाईच्या यात्रेला माग बंद होते तेव्हा एकदाही गेला नाही. बायको म्हणते देवीलाच विचारा.

तक्रार दोन, आणि हीच महाग पडली. पंधरा दिवस झाले, सगळा पडदा पिवळा झालाय. पांढरं पान हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यागत. मोरपंखी काठ गर्द हिरवा दिसतो. परवा व्यापाऱ्याला पदराचा नमुना मोबाइलवर पाठवला, तर त्याचा फोन, "लाल सांगितला होता, राणी कशाला भरला?" माझ्या पडद्यावर तो लालच होता हो! भावाच्या मोबाइलवर बघितला तर खरंच राणी. नशीब, अजून सूत रंगायला टाकलं नव्हतं.

दुकानात दाखवला. त्यानं लांबनंच बघून सांगितलं, पॅनेल गेलंय, नवीन घ्या. घ्यायचा काय?

खानापूरकर

आधी नाइट लाइट चालू नाही ना ते बघा. संध्याकाळी पडदा पिवळसर करायची ती सोय कधी कधी चुकून चालू राहते. आणि काळा झाला की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट, बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. माझं असंच भागलं होतं.

रिपेरीवाला मामा, निपाणी

नाइट लाइटनं राणीचा लाल होत नाही बाबा. तो सगळंच थोडं ऊबदार करतो, एक रंग मुळातनं काढून घेत नाही.

काठपदर, तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. नमुना मोबाइलवर गेला तेव्हा त्यात राणी होता. म्हणजे कॉम्प्युटर बरोबर रंग भरतोय, बिघाड त्याच्या पुढं आहे : केबल नाहीतर मॉनिटर. आता हिशोब करा. पडद्यावर लाल, हिरवा, निळा या तीनच दिव्यांचा खेळ. पांढऱ्यातनं निळा काढला की उरतो पिवळा. राणीतनं निळा काढला की लाल. मोरपंखीतनं काढला की हिरवा. तुमच्या तिन्ही खुणा एकच सांगतात, निळा पोचत नाही.

तुमच्या निळ्या तोंडाच्या केबलीत प्रत्येक रंगाला वेगळी पिन असते. १ लाल, २ हिरवा, ३ निळा. आधी मॉनिटर आणि कॉम्प्युटर दोन्हींचे प्लग भिंतीतनं काढा, मग केबल सोडा. तोंडात पाच-पाच पिनांच्या तीन ओळी दिसतील. रुंद बाजूची ओळ बघा, तिच्यातली बरोबर मधली पिन ३ नंबरची. ती वाकलेली, आत दबलेली आहे का? मधल्या ओळीत एक पिन गायब दिसली तर घाबरू नका. ९ नंबरची पिन कित्येक केबलींत मुळातच नसते. तिच्यापायी लोक चांगल्या केबली फेकून देतात.

वाकली असेल तर पोरांची पेन्सिल घ्या, खटका दाबून शिसं बाहेर येणारी. शिसं काढून टाका, टोकाची नळी पिनेवर बसवा आणि अलगद सरळ करा. पकडीनं ओढू नका, मोडते.

पॅनेल गेलंय का हे दुकानात न जाताही कळतं. पडदा पिवळा असताना मॉनिटरच्या स्वतःच्या बटणानं त्याचा मेनू उघडा. मेनूतला पांढरा पांढरा, निळा निळा दिसला आणि मागचं चित्र तेवढं पिवळं राहिलं, तर पॅनेल ठणठणीत आहे. मेनू मॉनिटर स्वतः काढतो, त्याला केबल लागत नाही.

खानापूरकर

मामा, मागचं झाकण उघडून आतली पट्टी जरा दाबून बघितली तर? व्हिडिओत बघितलंय.

रिपेरीवाला मामा, निपाणी

नको. २३० व्होल्टचं आत डीसी होतं तेव्हा मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या डबीवर, सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट बसलेले असतात. प्लग काढला तरी काही वेळ राहतात. मी चाळीस वर्षं हेच केलं, तरी एकदा असा फेकला गेलोय की टेबलाखालनं उठलो. आणि इथं उघडायची गरजच नाही.

वायरमन, उद्यमबाग

काळं व्हायचं मी बोलतो. काठपदर, पडदा जातो तेव्हा मॉनिटरच्या बारक्या दिव्याकडं बघा. दिवा विझला आणि परत येताना कंपनीचं चिन्ह दिसलं, तर लाइटच तुटालीय. प्लग सैल, एक्स्टेन्शन जळकं, काहीतरी तसलं. दिव्याचा नुसता रंग बदलला किंवा तो तसाच राहिला आणि चिन्ह आलं नाही, तर लाइट आहे, चित्र तुटालंय.

मला दुसरंच वाटतंय. मागाची मोटर सुरू होताना चालत्या करंटच्या पाच-सहापट खेचते, स्टार्टरला ठिणगी पडते. त्या केबलीतला रंग जेमतेम ०.७ व्होल्टवर चालतो. मोटरच्या वायरीला खेटून ती गेली असेल तर झटका तिच्यात उतरणारच. मॉनिटरची लय चुकते आणि परत धरायला त्याला एक-दोन सेकंद लागतात.

आणखी एक विचारतो. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला उघडा हात लागला की चुणचुण येते काय?

काठपदर, वडगाव (बेळगाव)

येते की! आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. चप्पल घालून बसायचं असं ठरलंय.

वायरमन, उद्यमबाग

अहो ते ठरवायचं नसतं! तुमच्याकडं अर्थिंग पोचतच नाही. कॉम्प्युटरच्या सप्लायमधले फिल्टरचे दोन कपॅसिटर मधल्या टोकानं बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की त्यांच्यातनं झिरपणारा करंट तिथनं जमिनीत जातो. नसलं की बॉडी २३० च्या निम्म्यावर, एकशेपंधराच्या आसपास लटकत राहते. करंट अगदी थोडा म्हणून नुसती चुणचुण. पण मामा म्हणाले तसे दोन्ही प्लग आधी काढले नाहीत आणि केबल जोडलीत, तर त्याच करंटच्या ठिणगीनं केबल बसायचं तोंड (पोर्ट) जाऊ शकतं. तिसरी पिन कुठं तुटलीय ते शोधा.

काठपदर, वडगाव (बेळगाव)

रविवारी माग बंद ठेवून बसलो. मेनू उघडला तर पांढराशुभ्र, मागं सगळी हळद. तिथंच अर्धा जीव खाली आला. केबल काढली, मधली पिन पार आडवी. दिवाळीच्या सफाईला टेबल सरकवलं तेव्हा ओढली गेली असावी, नंतर हळूहळू दबत गेली. पोरीची पेन्सिल वापरली. ती शाळेतनं आल्यावर जे बोलली ते इथं लिहीत नाही. जोडल्यावर राणी राणी, मोरपंखी मोरपंखी.

काळं व्हायचं बघायला मुद्दाम माग सुरू केला. दिवा निळ्याचा पिवळा झाला, चिन्ह आलं नाही. मग भिंतीजवळ बघितलं तर केबल आणि मोटरची वायर एकाच भोकातनं, एकाच पट्टीनं आवळलेल्या. आवळणारा मीच. टापटीप दिसावी म्हणून. वेगळ्या केल्या, दोन हात अंतर ठेवलं. वीसवरनं दोन-तीनवर आलं. तेही शेवटचा जुना माग सुरू केला तरच.

तिसरी पिन एक्स्टेन्शनला आहे, पण ते एक्स्टेन्शन दोन पिनांच्या बारक्या टोपीतनं भिंतीत घुसवलेलं. कुणी, कधी, कुणाला आठवत नाही.

वायरमन, उद्यमबाग

ती टोपी आजच फेका. केबल दोन्ही टोकांना जाड गाठ असलेली घ्या, ती गाठ असले झटके अडवते. जुन्या मागाच्या स्टार्टरचे पॉइंट घासून बघा, काळे पडले असतील. आणि बोर्डापर्यंत तरी अर्थिंग येतंय का ते तपासायला माणूस बोलवा. हे घरात बसून करायचं काम नव्हे.

काठपदर, वडगाव (बेळगाव)

आमच्या गल्लीतला वायरमन येऊन गेला. बोर्डापर्यंतही येत नाही, नवीन खड्डा मारायला लागणार. मारायला तो तयार आहे, पण त्याला ओलसर जागा म्हणून तुळशीकट्ट्याजवळची पाहिजे, आणि आई तिथं कुदळ लावू देईना. तोवर चप्पल घालूनच बसतोय.