आधी घरची भाषा, मग इंग्रजी

परदेशात नव्याने स्थायिक झालेल्या कुटुंबांनी मुलांच्या चित्रपुस्तकांतून एकत्र इंग्रजी शिकावे, ही वरच्या प्रतिसादातील सूचना मला मनापासून पटली. तिला रत्नागिरीकडचा अनुभव जोडतो. इथे हापूसच्या बागांची राखण करायला नेपाळी कुटुंबे येतात आणि त्यांची मुले मराठी शाळेत जातात, जिथे २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. आईला इंग्रजी येत नाही म्हणून पुस्तक मुलाच्याच हाती सोपवले, तर ती बाजूला पडते आणि मूलही लवकर कंटाळते. त्याऐवजी तीच गोष्ट आधी नेपाळीत वाचावी, मग इंग्रजीत. मुलांची पुस्तके काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अनेक भाषांतल्या गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्या वाचनस्तरांनुसार लावलेल्या असतात. पहिल्या स्तरावर पानागणिक एखाद-दुसरेच सोपे वाक्य असल्यामुळे मोठ्या माणसालाही ते न लाजता मोठ्याने म्हणता येते.

नेपाळीही देवनागरीतच लिहिली जात असल्याने ती वाचता येणाऱ्या पालकाला मराठी पुस्तकातील बहुतेक अक्षरे नव्याने शिकावी लागत नाहीत. इंग्रजीत मात्र ही सोय नाही, म्हणून तिथे ऐकणे आधी हवे. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांनी चित्र पाहून गोष्ट आपल्या भाषेत सांगावी व मुलाने त्यात इंग्रजी शब्द भरावेत. शाळांनी अशी पुस्तके पालकांच्या नावावरही घरी द्यावीत, विशेषतः आंब्याच्या हंगामात, जेव्हा या कुटुंबांचा मुक्काम बागेतच असतो.