मदत हवी आहे: "ग्लोबल वॉर्मिंग हे परदेशी थोतांड आहे" म्हणणाऱ्या आमच्या गुरुजींना काय उत्तर देऊ?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून लिहायलोय. पुढच्या ग्रामसभेत गावाच्या विकास आराखड्यावर चर्चा आहे. आम्ही काही पोरं म्हणायलोत की आराखडा करताना बदलत्या हवामानाचा विचार करा, नाल्याकाठच्या शेतांना बांधबंदिस्ती आणि पाणी निघायला वाट, एप्रिलमध्ये शाळेच्या तापलेल्या पत्र्याखाली लेकरं बसतात त्याचं काहीतरी, आणि भर दुपारी खुरपायला जाणाऱ्या बायांना सावली-पाणी. कामं साधीच हायेत. पण ग्लोबल वॉर्मिंग हा शब्द निघाला की पारावर दोन पार्ट्या पडतात आणि समोरच्या पार्टीत आमचे गुरुजी असतात.

गुरुजी रिटायर झालेत, आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय, वाचन दांडगं आणि गावात शब्दाला वजन. त्यामुळं मला त्यांना भरसभेत गप्प करायचं नाही, त्यांना पटायला पाहिजे. ते म्हणतात दुष्काळ काय आज आलाय का, दुर्गादेवीचा दुष्काळ झाला, १६३० चा झाला ज्यात तुकोबांची बायको गेली, १८७६ चा झाला, ७२ चा तर आम्ही मिलो खाऊन काढला, तेव्हा कुठं होत्या एवढ्या गाड्या न् कारखाने. दुसरं म्हणजे २०३५ पर्यंत हिमालयातला बर्फ संपणार असं याच शास्त्रज्ञांनी छापलं होतं आणि नंतर मागं घेतलं, मग यांचं बाकीचं का खरं मानायचं. तिसरं, धूर अमेरिकेनं केला आणि उपदेश आम्हाला, आणि तीच अमेरिका धूर कमी करायच्या जगभरच्या पॅरिस करारातून दोनदा बाहेर पडायलीय. आणि शेवटी, शास्त्रज्ञांतच एकमत नाही.

खरं सांगू का, यातल्या निम्म्या गोष्टी मलाबी बरोबर वाटतात आणि तिथंच माझं बोलणं अडकतं. २०२५ च्या सप्टेंबरात काय झालं ते इथल्या सगळ्यांनी पाहिलंय, पिकं तर गेलीच पण कितीतरी शिवारांत मातीच खरडून गेली, ती माती काय पंचनाम्यानं परत येणार हाय का. मला हा विषय असा हसण्यावारी जाऊ द्यायचा नाही. मुद्देसूद, गावाला समजेल असं कुणी सांगा प्लीज.

काळी माती

गुरुजींचं जे बरोबर आहे ते आधी सभेत मोकळेपणानं मान्य कर, म्हणजे पुढचं ते ऐकतील. दुष्काळ जुनाच आहे, त्यात वाद नाही. पण ताप आधी मलेरियाचा यायचा म्हणून आज डेंग्यू झालेला माणूस खोटं बोलतो असं आपण म्हणत नाही ना, तसंच हे. पूर्वीचे दुष्काळ पाऊस चुकल्यानं पडले, आताबी पाऊस चुकतोच, वरून हवा तापलीय. हवा तापली की जमिनीतली ओल लवकर उडते, म्हणून तेवढाच पाऊस पडून तेवढाच खंड पडला तरी सोयाबीन आधीपेक्षा लवकर माना टाकतं. हे शेतकऱ्याला ग्राफ न दाखवता समजतं.

आणि कारखाने कुठं होते याला आकडा आहे. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून तो सलग मोजतात. हा वाढलेला कार्बन कोळसा-तेलातूनच आलाय हे कार्बनचे वेगवेगळे प्रकार मोजून कळतं, कारण कार्बन-१४ हा प्रकार काळानं झिजून संपतो, म्हणून जमिनीत लाखो वर्षं गाडलेल्या इंधनात तो उरलेलाच नसतो. कुणी सूर्याचं नाव काढलं तर सांग, सूर्यामुळं तापलं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता, प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा गार होतोय.

वसमतचा पावणा

मी गुरुजींच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. सगळं वॉर्मिंगवर ढकललं की पुढारी सुटतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते काय नुसतं तापमानामुळं? मांजरा धरण कोरडं पडलं हे खरं, पण दुष्काळी भागात ऊस किती लावला, उपसा किती झाला, हे कोण विचारणार? नाल्यात अतिक्रमण आपलं, पूर आला की म्हणायचं क्लायमेट.

गोदाकाठचा

दादा, राग कशाचा, हेच तर आम्हाला आराखड्यात पाहिजे. नाला मोकळा करा म्हटलं तर तेच लोक म्हणतात असा पाऊस शंभर वर्षांत एकदाच येतो, कशाला खर्च. परत येणारच नाही असं धरून चाललो तर नाला कोण मोकळा करील?

काळी माती

त्यावर एक दाखला घे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिप्पट झाल्या, आणि तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी त्यांनी त्याचा संबंध दाखवला. हवा एक डिग्रीनं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. मात्र हा पट्टा गुजरातपासून ओडिशापर्यंतचा आहे, आपल्या तालुक्याचा आकडा म्हणून सांगू नको, गुरुजी तिथंच धरतील.

हिमालयाचं म्हणशील तर, ते वाक्य आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या शास्त्रज्ञांच्या मंडळाच्या, २००७ च्या अहवालात खरंच होतं, पुरावा नव्हता, जानेवारी २०१० मध्ये त्यांनी चूक कबूल केली. लपवू नको. पण ते परिणामांवरच्या खंडातलं एक वाक्य होतं, तापमान का वाढतंय याचा सगळा हिशोब त्यावर उभा नाही. हिमनद्या मागं सरकतायत हे उपग्रहातून वेगळं मोजलं जातंच. आणि एकमत कशावर नाही ते नीट विचार त्यांना. पृथ्वी माणसामुळं तापतेय यावर भांडण उरलेलं नाही, आपल्या भागात पाऊस पुढं किती आणि कसा बदलेल यावर आहे, आणि ते तसं असणं प्रामाणिकपणाचंच आहे.

अमेरिकेचा मुद्दा तर शंभर टक्के मान्य कर. आपल्याकडं माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड, त्यांच्याकडं चौदाच्या आसपास. पण धूर कुणी केला आणि पुरात शेत कुणाचं वाहिलं हे दोन वेगळे प्रश्न हायेत. नुकसान आपलं हाय म्हणून तर भांडायचं.

गोदाकाठचा

खूप आभार, हे शेवटचं तर मी जसंच्या तसं बोलणार. काल संध्याकाळी गुरुजींकडं जाऊन हिमालयाचं आधी मीच मान्य केलं, तर त्यांनी बसायला सांगितलं, चहा झाला आणि म्हणाले, "बाकी राहू दे, आपल्या परभणीचं तापमान वाढलंय का ते दाखव, मग बोलू." म्हणजे दार बंद नाही केलं त्यांनी. आता तीस-चाळीस वर्षांचा परभणीचा रोजचा कमाल-किमान आणि पावसाचा रेकॉर्ड पाहिजे. महसूल मंडळाच्या नव्या स्वयंचलित केंद्रांचा डेटा फार अलीकडचा हाय, त्यातून कल कळणार नाही. कृषी विद्यापीठाच्या हवामान विभागात अर्ज कसा करायचा, फी लागते का, की पुण्याच्या हवामान खात्याकडंच मागावं लागतं, कुणी आधी घेतला असेल तर सांगा. आकडे उलटे निघाले तरी मी ते सभेत तसेच वाचणार हाय. ग्रामसभा जवळ आलीय, जरा लवकर कळवा.